कादंब कुठून येतात

दर रविवारी पहाटे हुसेनसाब मुलाणी उजनीच्या बॅकवॉटरवर पाखरं बघायला जातात, हे कुर्डुवाडीतल्या त्यांच्या सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं हा नेम चालू होता. खंड पडला तो फक्त बायको गेली तेव्हाचा, पाच रविवारांचा. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली, आणि पुढं पुढं कुणाच्या पत्र्यावर वेगळं पाखरू बसलं की त्यांनाच बोलावणं येऊ लागलं.

जमीलाला मात्र या नेमाची आता धास्ती वाटायला लागली होती. ती त्यांची थोरली मुलगी. वय एक्केचाळीस. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर सहा वर्षं ती अब्बांजवळच राहत होती आणि गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती. अब्बांची साखर तीच बघायची, इन्सुलिन तीच टोचायची. गेल्या पावसाळ्यापासून अब्बा उंबऱ्याला अडखळत होते. कप ठेवताना बशीच्या बाहेर ठेवत होते. स्वतःची जुनी स्कूटर त्यांनी क्लच बिघडलाय म्हणून कोपऱ्यात लावली होती आणि भाजीच्या टेम्पोत बसून पाण्यावर जात होते. विचारलं की म्हणायचे, "चष्म्याचा नंबर वाढला असंल, बेटा. वय झालं."

शेवटी तिनं पुण्याला भावाला फोन केला. ताबीश म्हणाला, "मी सोमवारी गाडी घेऊन येतो. अब्बांना इकडंच आणू. तू आधी काही बोलू नकोस, नाहीतर ते दार लावून बसतील." जमीला बरं म्हणाली. आणि त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, जानेवारीतल्या रविवारी, ती पहिल्यांदाच अब्बांबरोबर निघाली. अब्बांना वाटलं, लेकीला उशिरा का होईना गोडी लागली. जमीलाच्या मनात मात्र वेगळंच होतं. हा त्यांचा शेवटचा रविवार. निदान तो तरी सुखरूप पार पडावा.

साडेपाचला तिनं इंजेक्शन दिलं. अब्बांनी चहात बुडवून दोन टोस्ट खाल्ले. "बाकीचं तिथं खाऊ, आठ वाजता," ते म्हणाले. तिनं चपात्या आणि अंड्याची भुर्जी डब्यात भरून स्कूटीच्या डिक्कीत ठेवली. कंदरच्या पुढं केळीच्या बागा संपतात तिथं, पाण्याकडं उतरणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला तिनं गाडी लावली तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. एरवी जानेवारीत ज्या बांधापर्यंत पाणी असतं, तिथून ते अर्धा-पाऊण किलोमीटर मागं हटलं होतं. मधल्या सगळ्या पट्ट्यात गाळ उघडा पडला होता. वरून वाळलेला, भेगाळलेला, मेंढ्यांच्या खुरांनी खणलेला. अब्बा हातात बांबूची काठी घेऊन पुढं चालले. त्यांच्या खांद्याला दुर्बीण होती आणि शबनम पिशवीत पुठ्ठ्याच्या बांधणीची जाड वही. चार वर्षांच्या नोंदी त्या एका वहीत होत्या.

पाण्याच्या कडेला पोचल्यावर जमीलाला तिच्या भीतीचा थोडा वेळ विसर पडला. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, दोनशे तरी असतील, माना खाली घालून गाळ चाळत. चिखलात तांबड्या पायांचे शेकाटे काड्यांवर चालल्यासारखे फिरत होते. घरात बाप-लेक दखनीच बोलत, पण पाखरांबद्दल अब्बा कायम मराठीत बोलायचे, कारण पाखरांची नावं त्यांना मराठीतूनच कळली होती.

"ते आलं का बघ, डावीकडून. नदीसुरय हाय."

जमीलानं बघितलं. खरंच एक पांढुरका पक्षी पाण्यावरून सरकत आला. मग तिच्या ध्यानात आलं की अब्बांनी तिकडं मान वळवलीच नव्हती. इतका वेळ त्यांनी दुर्बीणही डोळ्यांना लावली नव्हती. ते नुसते उभे होते, तोंड किंचित वर करून, आणि मधूनच वहीत काहीतरी लिहीत होते.

सूर्य वर आला आणि धुकं धरायला लागलं. आधी पाण्यावर वाफेसारखं. मग रोहित दिसेनासे झाले, मग पाणी, मग तीस पावलांवरचं मातीचं ढेकूळ. पाऊण तास दोघं तिथंच उभे राहिले. धुकं विरळ व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट होत गेलं. जमीलानं मोबाईल बघितला. रेंज नव्हती, पण घड्याळ होतं. पावणेआठ.

"चला अब्बा. डबा गाडीत आहे. तुमची खायची वेळ झाली. आणि मला दहाला लॅब उघडायचीय."

"धुकं उठू दे. हितं बसू."

"बसून काय होणार? इंजेक्शन घेऊन सव्वादोन तास झालेत."

तेही खरं होतं. अब्बा निघाले. आलेल्या वाटेनं, मेंढ्यांच्या खुरांच्या ठशांवरून, काठी टेकत. ती वाट लांबून वळसा घेऊन होती. थोडं गेल्यावर जमीला थांबली. येताना तिनं बघितलं होतं, गाडी तर सरळ समोर होती. उगाच घोड्याच्या नालासारखं फिरून जायचं कशाला?

"इकडून सरळ जाऊ. अर्धं अंतर वाचेल."

अब्बांनी कान दिला. "टिटवी डाव्या हाताला बोलतीया. टिटवी कोरड्यावर असते. तू उजवीकडं चाललीस."

"अब्बा, मला दिसतंय. वरचा गाळ पार वाळलाय. माझ्या मागं या."

दिसतंय हा शब्द तिनं जरा जोरातच उच्चारला. अब्बा उजवीकडं वळले. तिच्या मागं चालू लागले.

शंभर-सव्वाशे पावलं गेली असतील. पायाखालच्या खपल्या कुरकुरत होत्या, पण जमीलाचं वजन पेलत होत्या. मागून कौल फुटल्यासारखा आवाज आला आणि तिनं वळून बघितलं तेव्हा अब्बा मांड्यांपर्यंत जमिनीत होते.

ती धावली. "पुढं येऊ नको," ते ओरडले, पण ती गुडघ्यांवर बसून त्यांच्या काखेत हात घालत होती. तिनं सगळा जोर लावून ओढलं. अब्बा वर आले नाहीत. उलट खालून काळा, थंड चिखल बुडबुडला आणि ते कमरेपर्यंत गेले. तिच्या स्वेटरच्या खिशातून मोबाईल घसरला, खपलीवरून सरकला आणि त्या काळ्या चिखलात गेला. तिनं हात घातला. कोपरापर्यंत गेला, हाताला नुसता लगदा लागला.

"जमीला. सोड. ओढू नको. ओढलं की गाळ जास्तीच धरतो."

तिनं सोडलं. अब्बांनी काठी आडवी केली, छातीखाली धरली आणि त्यावर वजन टाकलं. बुडणं थांबलं. दोघंही धापा टाकत होते. अब्बांचा बटणांचा फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. तिनं तो काढून बघितला. रेंजची एकही रेघ नव्हती; तो तिनं परत त्यांच्याच खिशात ठेवला. तिनं चार-पाच हाका मारल्या. धुक्यानं त्या तिथंच गिळल्या.

"माणसं आणावी लागतील," अब्बा म्हणाले. "दोन-तीन. फळी, बाज, कायतरी आडवं टाकायला. बांधाच्या अंगाला शेतं हायेत. कुणीतरी भेटंल."

"मी तुम्हाला सोडून नाही जाणार."

"मग दोघं हितंच बसू."

तिनं त्यांच्या कपाळाकडं बघितलं. नऊ-दहा अंशांची थंडी, कमरेपर्यंत गार चिखल, आणि कपाळावर घामाचे थेंब. तिनं त्यांचा हात धरला. बोटं थरथरत होती. थंडीनं थरथरणारा माणूस आणि साखर उतरून थरथरणारा माणूस यांतला फरक जमीलाला चांगला माहीत होता. रोजचंच काम होतं ते. साडेपाचला दिलेलं इन्सुलिन आता भरात यायला लागलं होतं आणि डबा कुठंतरी धुक्यापलीकडं डिक्कीत होता. तिनं पिशवी उलटी केली, स्वतःचे खिसे उलटे केले. एक गोळी, एक बिस्किटाचा तुकडा, काही म्हणजे काही नव्हतं.

"कुठल्या बाजूला जाऊ?" तिनं विचारलं. पाठीमागं काय आणि समोर काय, सगळं एकसारखंच पांढरं होतं. अब्बांना ओढताना ती त्यांच्याभोवती फिरली होती, आणि आता गाडी कुठल्या दिशेला होती ते तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

"टिटवी गप झाली," अब्बा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "आता कादंबांवर भरवसा. पट्टेवाले कादंब, बदकाहून मोठे. रातभर शेतात हरभरा, गहू खात्यात आन् ऊन पडायच्या बेताला पाण्यावर येत्यात. 'आंग आंग' करत, वरून. ते जिकडून येतील तिकडं शेतं. जातील तिकडं पाणी. ध्यानात ठेव."

"आणि आलेच नाहीत तर?"

"येत्यात."

मग त्यांनी पिशवीकडं हात केला. "वही काढ. पानं फाडत जा. धा-धा पावलांवर एकेक पान, वर ढेकूळ ठेवायचं. मागं वळून बघायचं, दोन पानं एका रेषेत दिसली पाहिजेत. वर्कशॉपात आमी रूळ तसाच सरळ लावायचो. रेषा मोडली की तू फिरायला लागलीस म्हणून समज."

"अब्बा, वही..."

"फाड."

तिनं पाठीमागून पानं फाडायला घेतली. ओढणी सोडून तिनं त्यांच्या छातीला आणि मानेला गुंडाळली. "बोलत राहा. कलमा म्हणा, पाखरांची नावं म्हणा, काहीही. झोपायचं नाही." अब्बांनी मान हलवली. आधी हातापायांवर रांगत, मग उभी राहून, प्रत्येक पाऊल टाचेनं चाचपत ती निघाली.

पहिलं पान. दुसरं पान. मागून अब्बांचा आवाज येत होता, "चक्रवाक, थापट्या, शेकाट्या..." पाचव्या पानापर्यंत तो नुसता गुणगुणल्यासारखा झाला. सातव्या पानानंतर ऐकू येईना.

आठवं पान ढेकळाखाली ठेवताना तिची नजर त्यावर पडली. ती तशीच बसून राहिली. पानावर पाचच शब्द होते. एकेक अक्षर बोटाएवढं, एका ओळीवर दुसरी चढलेली, 'रोहित'मधला 'त' कागदाच्या बाहेर गेलेला. तिनं घाईनं वहीची सुरुवातीची पानं उलटली. चार वर्षांपूर्वीचं अक्षर: बारीक, टोकदार, मापानं लावल्यासारखं. मधल्या पानांत ते हळूहळू वाढत गेलं होतं. दिवाळीनंतर तर ओळ अशी उरलीच नव्हती. हा चष्म्याचा नंबर नव्हता. या माणसाला दिसत नव्हतं. आणि त्याला ती म्हणाली होती, मला दिसतंय, माझ्या मागं या.

रडायला वेळ नव्हता. ती उठली. मागं दोन पानं एका रेषेत होती. पण रेषा सरळ असली तरी ती कुठं चाललीय, हे कुणाला माहीत? पायाखालची खपली ओलसर लागत होती. हे चांगलं लक्षण नव्हतं. ती थांबली आणि ऐकू लागली.

काहीच नव्हतं. कान स्वतःच्याच रक्ताच्या आवाजानं भरले होते. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. उभं राहणं चालण्यापेक्षा कठीण होतं. प्रत्येक क्षणाला अब्बांच्या रक्तातली साखर उतरतेय, आणि आपण खांबासारख्या उभ्या. एकदा तिनं पाऊल उचललंसुद्धा, आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

मग लांबून पत्र्याचा डबा बडवल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, नक्की कुठून ते कळेना. आणि लगेच वरून, धुक्यातून, तो आवाज. आंग, आंग, आंग. आधी दोन-चार, मग पन्नासेक गळे एकदम. पंखांची सळसळ तिच्या डोक्यावरून गेली. दिसलं काहीच नाही. पण आले ते तिच्या पाठीमागून, डाव्या अंगानं, आणि गेले तिच्या समोर. ती सरळ रेषेत, पान ठेवत ठेवत, पाण्याकडं निघाली होती.

मनानं मानायला तयार होईना. गाडी तर समोर असायला हवी. थोडा वेळ ती आपला अंदाज आणि ते आवाज यांच्या मध्ये उभी राहिली. मग तिनं टाच फिरवली, जिकडून कादंब आले तिकडं तोंड केलं, आणि त्या वळणावर एकावर एक तीन पानं ठेवून नवी रेषा धरली.

यानंतर ती जवळजवळ पळालीच. पंचवीस पानं. चाळीस. खपल्या संपल्या, खुरांचे ठसे आले, मग गवताचे ठोंब, मग बाभळीची काटेरी कुपाटी. कुपाटीपलीकडं हरभऱ्याच्या शेतात एक बाई तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन उभी होती. पन्नाशीची, डोक्यावरून चादर घेतलेली. धुक्यातून चिखलानं माखलेली बाई येताना बघून ती दोन पावलं मागं सरली.

"माझे वडील गाळात अडकलेत," जमीला म्हणाली. तिनं मागं धुक्याकडं हात केला.

बाईनं डबा खाली टाकला. "किती आत?"

"कमरेपर्यंत. त्यांना साखरेचा आजार आहे. काही गोड आहे का?"

त्या बाईचं नाव महानंदा. तिनं एकही फालतू प्रश्न विचारला नाही. वस्तीकडं तोंड करून खणखणीत हाक मारली, "अवं शिवूभाऊजी! बाज घिऊन या, अन् थर्माकोल. माणूस रुतलाय!" मग जमीलाला म्हणाली, "घरात काकवी हाय. चालंल का?"

"चालेल."

शिवू तिचा दीर, बॅकवॉटरमध्ये मासे धरणारा, साठीचा, काटकुळा. थर्माकोलच्या ज्या ठोकळ्यावर बसून तो जाळी टाकायचा तो त्यानं पाठीवर घेतला, डोक्यावर बाज उलटी घेतली. महानंदानं काकवीची बाटली, दोर, घोंगडं आणि तेलाचा डबा घेतला. चालता चालता ती म्हणाली, "ह्या वाटंला कसं आलासा तुमी? आमची जनावरंबी जात न्हाईत तितं."

"मी नेलं," जमीला म्हणाली.

परतीला पानं एकेक करून भेटत गेली. वळणावरची तीनही. पण तिथून पुढं गडबड झाली. दहिवरानं पानं भिजून चिखलाच्या रंगाची झाली होती, आणि पहिली सात पानं जमीलानं इतक्या घाईनं ठेवली होती की त्यांतल्या काहींवर ढेकूळ नीट बसलंच नव्हतं. दोन पानं सापडली. पुढचं सापडेना.

"अब्बा," तिनं हाक मारली. परत मारली. शिवूनंही दोन्ही हातांची ओंजळ करून हाळी दिली. उत्तर आलं नाही.

"किती वाजले?" तिनं विचारलं. महानंदानं कमरेचा फोन काढला. "नवाला पाच कमी."

 जमीला डावीकडं चार पावलं गेली, परत आली. उजवीकडं गेली. शिवू म्हणाला, "बाई, असं फिरू नगा, तुमीबी जाशीला खाली." ती थांबली. आणि थांबल्यावर तिला ते ऐकू आलं. समोर, जरा उजवीकडं, शेकाटे ओरडत होते. सकाळचं त्यांचं आपसातलं कुजबुजणं नव्हतं. किक-किक-किक, एकसारखं, चिडून, एकाच जागेवर घिरट्या घालत.

"तिथं," ती म्हणाली. "तिथं काहीतरी आहे, त्याच्यावर ओरडतायत."

शिवूनं तिच्याकडं बघितलं, आणि ठोकळा पुढं सारला.

अब्बा तिथंच होते. काठीवर छाती, काठीवरच हनुवटी, डोळे अर्धे उघडे. चिखल बरगड्यांपर्यंत आला होता. ओढणी एका बाजूला घसरली होती. जमीला ठोकळ्यावर पालथी पडून सरकत त्यांच्या तोंडापाशी गेली. "अब्बा." त्यांनी डोळे फिरवले, पण तिच्यावर ठरवले नाहीत. ओठ काहीतरी पुटपुटत होते. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं. तिनं बोट काकवीत बुडवलं आणि त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळलं. परत. परत. पाचव्या-सहाव्या बोटाला त्यांची जीभ हलली. आठव्याला त्यांनी तिचं बोट चावलं.

"गिळा, अब्बा."

त्यांनी गिळलं. मग तिनं थोडी थोडी बाटलीच लावली. पाच-सात मिनिटांनी ते स्पष्ट म्हणाले, "किती गोड करतीस."

जमीलानं कपाळ थर्माकोलवर टेकलं.

पण निम्मंच काम झालं होतं. शिवूनं बाज त्यांच्या पाठीमागं आडवी टाकली, घोंगडं त्यावर अंथरलं, आणि स्वतः पालथा होऊन त्यांच्या मांडीच्या कडेनं हात गाळात घालत गेला. महानंदा मागच्या डबक्यातून डब्यानं पाणी आणून तिथं ओतत राहिली. "पाणी गेलं की गाळ धर सोडतो," शिवू म्हणाला. "बाबा, मागं रेला. उभं ऱ्हायचं न्हाय. बाजंवर निजल्यागत व्हा. आता उजवा पाय नुसता हालवा, उचलू नगा. हालवा." एक पाय सुटायला वीस मिनिटं गेली. दुसऱ्याला त्याहून जास्त. मधे एकदा बाजेचा एक खूर खपलीतून आत गेला आणि सगळेच एका अंगाला कलले. महानंदानं दोर कमरेला बांधून मागं अंग टाकलं तेव्हा तोल सावरला. दुसरा पाय बाहेर आला तेव्हा त्याला चप्पल नव्हती, पायजम्याचा तुकडा नव्हता, आणि तो पाय अब्बांचा आहे असं वाटतच नव्हतं, इतका तो पांढराफटक पडला होता.

त्यांना बाजेवर घालून, ठोकळ्याच्या आधारानं ढकलत, ओढत बांधावर आणलं तेव्हा धुकं फाटून ऊन पडलं होतं. चहूकडं सगळं लखलखीत दिसत होतं: पाणी, रोहित, आणि जमीलाची स्कूटी, तिला वाटली होती त्याच्या अगदी उलट दिशेला.

महानंदाच्या चुलीपुढं त्यांना बसवलं, कोरडे कपडे घातले, चपाती खाऊ घातली. ते दातावर दात आपटत शेकत होते. महानंदा म्हणाली, "बरं झालं बाई, तुमी माझ्या शेताकडंच आलासा. पल्याडला दोन कोस कुणी नसतं."

"मी पाखरांच्या आवाजानं आले. कादंब वरून गेले ना, त्यांच्या उलट."

"ती व्हय?" महानंदानं तोंड वाकडं केलं. "मीच उठवली की त्यास्नी, डबा बडवून. लई सत्यानास केलाय हरभऱ्याचा. न्हायतर आणिक तासभर हालली नसती."

अब्बांनी चुलीवर धरलेले हात मागं घेतले. 

टेंभुर्णीच्या दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवलं. छातीत कफ धरला होता, ताप होता, साखर हळूहळू ठिकाणावर येत होती. त्याच दुपारी खोलीत दोघंच असताना जमीला म्हणाली, "डोळ्यांचं कधीपासून आहे?"

अब्बा छताकडं बघत होते. किंवा बघत नव्हते. "उजवा दिवाळीपासून बंद. डाव्यातून नळीतून बघितल्यासारखं दिसतं."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला पाण्यावर जाऊ दिलं असतंस?"

 आता लपवाछपवी बास झाली, असं तिला वाटलं. "मी ताबीशला बोलावलंय. तुम्हाला पुण्याला न्यायला. तो उद्या येतोय. तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं."

अब्बांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. सोमवारी ताबीश आला तेव्हा त्याच्याशी ते बोलले, डॉक्टरांशी बोलले, नर्सला तिच्या गावाचं नाव विचारलं. जमीलाशी मात्र दोन दिवस एक शब्द बोलले नाहीत. तिनंही समजूत काढली नाही. इंजेक्शन द्यायला ती पुढं झाली की ते दंड पुढं करत, एवढंच. तिसऱ्या दिवशी गाडीत बसताना त्यांनी चाचपून तिचा खांदा धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेला तो गेला. डाव्यात जेवढं उरलंय तेवढं टिकवता येईल: छोटी शस्त्रक्रिया आणि जन्मभर थेंब. शस्त्रक्रिया झाली. ताबीशनं त्यांच्यासाठी खोली लावून ठेवली होती, बाल्कनीसकट. अब्बा तिथं बावीस दिवस राहिले आणि म्हणाले, "खोली चांगली हाय. आता मला घरी सोड." ताबीश चिडला. जमीलाला फोनवर म्हणाला, "उद्या काही झालं तर जबाबदार तू." जमीला म्हणाली, "हो. मीच."

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी ती अब्बांना घेऊन महानंदाच्या शेतावर गेली. जाताना अब्बांनी घरून सायकलचं जुनं चाक, पत्र्याचे तुकडे आणि पान्यांची पिशवी बरोबर घेतली होती. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही. हरभरा निघाला होता, पण शेजारचा गहू उभा होता, आणि त्यावर कादंबांचा डोळा होताच.

अब्बा बांधावर मांडी घालून बसले आणि कामाला लागले. बोटांनी चाचपत, मान वाकडी करून डाव्या डोळ्याच्या उरल्यासुरल्या खिडकीतून बघत त्यांनी रिंगेला पात्या बसवल्या, आसाला पत्रा लावला, नट दोनदा आवळला. शिवूनं बांबू रोवून दिला. वारा आल्यावर ते चाक फिरलं आणि पत्रा खाडखाड वाजायला लागला. गव्हातून पन्नास-साठ कादंब ओरडत उठले आणि पाण्याकडं गेले.

महानंदा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "तुमच्याच पाखरांस्नी हाकलायला तुमीच कराय लागलाव व्हय, चाचा?"

"आता तुमाला पाटंला उठून डबा बडवाय नको," अब्बा म्हणाले. "आन् ती पाण्यावर लवकर गेली की मला लवकर ऐकू येतील."

त्यांनी पान्यांची पिशवी बांधली आणि जमीलाकडं हात केला. जमीलानं तो धरला, आणि दोघं लांबच्या वाटेनं, मेंढ्यांच्या खुरांच्या ठशांवरून, पाण्याकडं निघाले.